दहाव्या खंडाचा शेवट

३ सप्टेंबर, मंगळवार

मालकांनी, म्हणजे सोदा-साननी, आज ही वही हातात ठेवली आणि म्हणाले, "फुमिए-सान, कुठली चिठ्ठी लावल्यावर कुठलं पुस्तक खपलं, ते यात लिहीत चला." मी हो म्हटलं. लिहिणार मात्र मला हवं ते. सोदा-सानना माझं अक्षर वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा सापडेपर्यंत तो कशाला हवा होता हे ते विसरतात.

मात्सुए शहरातल्या या पुस्तकांच्या दुकानात मला एकोणतीस वर्षं झाली. ऐतिहासिक कादंबऱ्यांचं कपाट माझं. पुस्तकाखाली लावायच्या शिफारशीच्या चिठ्ठ्या मी हातानं लिहिते, तळहाताएवढ्या, तीन ओळींच्या. मला स्वयंपाक धड येत नाही, लग्न झालं नाही, सायकलवरून दोनदा किल्ल्याच्या खंदकात पडले आहे. पण माणूस दारातून आत आला की त्याला कुठली कादंबरी द्यायची ते मला कळतं. निवृत्त फौजदाराला चोराची गोष्ट. नव्या सुनेला सासू नसलेली. आणि शेवट कुणाला सांगायचा नाही. या धंद्यात एवढं एक पथ्य पाळावं लागतं.

फुकुमा-सान बरोबर तीनला आले. पाणी खात्यातून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली, बायको जाऊन सहा. मुलगी ओसाकात असते. चार वर्षं दर दुसऱ्या मंगळवारी येतात, मालक मागच्या खोलीत हिरवा चहा घुसळतात आणि आम्ही तिघं तो पितो. मेच्या शेवटापासून मी त्यांना 'नदी वळवणारा' देते आहे. दहा खंड, दोन आठवड्यांना एक. मोहेइ नावाचा बंधाऱ्यावरचा साधा कारकून गावं बुडवणारी नदी दुसरीकडे वळवायला निघतो आणि त्यात त्याचं आयुष्य जातं, अशी गोष्ट. खोदणाऱ्या मजुरांना रांधून घालणारी ओरिकु नावाची विधवा आहे. मोहेइ रोज तिच्या हातचे भाताचे मुटके खातो आणि मुकाट्यानं कामाला जातो.

"सातव्यात बांध चुकीच्या जागी घातलाय," फुकुमा-सान बूट काढता काढताच म्हणाले. "लेखिकेला पाणी कळत नाही."

"तुम्हाला कादंबरी कळत नाही. तिथं बांध नसता तर तो फुटला कसा असता?"

"म्हणजे फुटायला हवा म्हणून चुकीचा घातला?"

"मग?"

"आमच्या खात्यात असे पुष्कळ होते." ते हसले. "आणि हा गडी त्या ओरिकुशी बोलणार कधी? सात खंड नुसता भात हाणतोय."

"दहावा वाचा."

"दहाव्यात बोलतो?"

"शेवट सांगत नसतात."

जिथं ती नदी खरोखर वळवली होती तिथला पाणी अडवायचा जुना दगडी दरवाजा अजून आहे म्हणे. बसनं पाऊण तास. "एखाद्या रविवारी दाखवतो, चला," म्हणाले. मी म्हटलं, दहावा संपला की जाऊ. आधी गेलो तर गोष्टीची मजा जाईल.

आठवा घेऊन गेले.

इथं खरं लिहायला हरकत नाही. दहावा मी वाचलेला नाही. तो आला तेव्हा आईचं दुखणं चालू होतं. प्रकाशकाच्या माणसानं सांगितलं त्यावर विसंबून चिठ्ठी लिहिली, 'शेवटची वीस पानं वाचताना रुमाल जवळ ठेवा', आणि नंतर वाचायचं राहूनच गेलं. अकरा वर्षं ती चिठ्ठी लोक वाचताहेत. आता ठरवलं आहे की फुकुमा-सान वाचतील तेव्हाच आपणही वाचायचा. त्यांच्या आधी संपवावासा वाटत नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

नववा कव्हर घालून तयार ठेवला होता. त्यांना चिकटपट्टी आवडत नाही, म्हणून कागद दुमडून. आले, बसले आणि म्हणाले, "आज काहीतरी पातळ द्या."

"आठवा संपला?"

"थोडा राहिलाय. जाड पुस्तक हातात धरवत नाही हल्ली."

सात खंड धरवले आणि आठव्याला हात दुखायला लागले. एका खंडात आटोपणारी एक कादंबरी दिली, होडीवाल्याची, बरी आहे. चहाबरोबरची मिठाई त्यांनी तशीच ठेवली. घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरत होतं. पुरुषांना या वयात एकदम तब्येत सुधारायचं सुचतं. मी म्हटलंही, "बारीक झालात, छान दिसताय." ते म्हणाले, "हो का? मग बरं."

नववा पुन्हा आत ठेवला. कव्हर काढलं नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

मंगळवारी आले नाहीत. चहा केला तो मालकांनी आणि मीच संपवला. आज आले, ते उलट्या बाजूच्या बसमधून. मी खिडकीतून पाहिलं. त्या रस्त्यावर भाजीबाजार आहे, मोठं हॉस्पिटल आहे आणि स्टेशनजवळचं ते तीन मजली पुस्तकांचं दुकान आहे. भाजीची पिशवी काही हातात नव्हती. तेव्हा कुठून आले ते कळायला फार अक्कल लागत नाही. तिथं तरुण मुली टोप्या घालून नवीन पुस्तकं सुचवतात.

मी जरा तुटकच बोलले.

"एका बैठकीत संपेल असं काही आहे का?" त्यांनी विचारलं.

"गोष्टींची पुस्तकं मुलांच्या विभागात असतात."

ते हसले, रागावले नाहीत. मग लघुकथांचा एक संग्रह दिला. पैसे देताना, नेहमीसारखी आडनावानं हाक मारून, म्हणाले, "कात्सुबे-सान, नदीचा शेवट सांगून टाका ना."

"आठवा अर्धा टाकून शेवट फुकट हवाय?"

"हो."

"मिळणार नाही."

"तुम्ही वाचलाय ना पण?"

"चिठ्ठी कुणी लिहिलीय?"

"तेही खरंच," असं म्हणून ते जरा वेळ त्या चिठ्ठीकडे बघत उभे राहिले. मला कानापर्यंत घाम फुटला. चार वर्षांत त्यांच्याशी एवढी एकच गोष्ट खोटी बोलले आहे, आणि ती मागं घ्यायची वेळ निघून गेली.

८ ऑक्टोबर, मंगळवार

त्या छोट्या पुस्तकांसाठी नवी चिठ्ठी लिहिली: 'दमछाक होणाऱ्या वाचकांसाठी. ऐंशी पानांत लढाई, लग्न आणि विश्रांती.' मालकांनी वाचली.

"ही कुणासाठी?"

"कुणासाठी नाही."

"कुणासाठी नसलेली चिठ्ठी इतकी मनापासून लिहीत नाहीत." चष्मा आज नेमका त्यांच्या नाकावरच होता.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

त्यांनी चिठ्ठी वाचली. हसत सुटले, मग खोकत सुटले, कपाटाला धरून उभे राहावं लागलं. लोकरीची टोपी घातली होती. ऑक्टोबरमध्ये! म्हटलं, एवढी कसली थंडी? तर म्हणाले, "डोक्याला लागते." ते ऐंशी पानांचं पुस्तक घेतलंच. "दमछाक होते खरी. तुम्हाला बरं कळतं, कुणाला काय द्यायचं ते."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

निघताना पुन्हा तेच. "सगळा नको, निदान ओरिकुचं काय होतं तेवढं सांगा."

मी नाही म्हटलं. काय सांगणार होते? वाचला असता तरी सांगितलं नसतं, असं स्वतःला बजावते आहे.

"फार कडक आहात," ते म्हणाले. मालक चहा घुसळत होते तोवर निघूनही गेले. दारापासून बस थांब्यापर्यंत त्यांना एरवी दोन मिनिटं लागतात. आज सहा लागली. मी शेवट सांगितला नाही ते त्यांना जिव्हारी लागलं असावं, मुद्दाम रेंगाळत होते. मी बाहेर गेले नाही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

आले नाहीत.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आले नाहीत. दमछाकीची चिठ्ठी काढून फाडली. त्यांचा नंबर मागणीच्या वहीत आहे. दोनदा वही उघडली. पण गिऱ्हाईक का येत नाही म्हणून दुकानानं फोन करायचा नसतो, त्याला ते वसुलीसारखं वाटतं. आणि माझा आवाज फोनवर कसा येईल याचा भरवसा नाही. छप्पन्न वर्षांच्या बाईनं हे लिहावं का? लिहिते. मला त्यांची फार आठवण येते आहे. मंगळवार नुसता मंगळवारासारखा जातो.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

तीनला दार वाजलं, आणि मी मान वर केली ती चेहऱ्यावर राग ठेवूनच. चाळिशीची एक बाई होती. हनुवटी त्यांची.

"कात्सुबे-सान तुम्हीच ना? मी कानाए. फुकुमांची मुलगी." मग खाली वाकून नमस्कार करून म्हणाली, "बाबा ऑक्टोबरच्या शेवटापासून हॉस्पिटलमध्ये आहेत. पोटाचं आहे. ऑगस्टमध्येच कळलं होतं. तुम्हाला ते बोलले असतील."

मी हातातली पुस्तकं खाली ठेवली. ती समजली.

"बोलले नाहीत का? मलाही सप्टेंबरच्या अखेरीस सांगितलं. आता ते म्हणताहेत, पुस्तकवाल्या बाईंना घेऊन ये, नदीचा शेवट सांगायला. जास्त दिवस नाहीत. येता येईल?"

ऑगस्ट. म्हणजे पातळ पुस्तक मागितलं तेव्हा त्यांना माहीत होतं. मी त्यांना मुलांच्या विभागात पाठवत होते तेव्हा ते तपासणीहून परत येत होते. बारीक झालात, छान दिसताय, असं मी म्हटलं होतं.

मालकांनी माझ्या अ‍ॅप्रनची गाठ सोडली आणि दहावा खंड माझ्या पिशवीत घातला. "जा," म्हणाले.

खाटेवर ते फार थोडे उरले होते. डोळे मात्र तेच. "कडक बाई आल्या," म्हणाले. "आता तरी सांगाल?"

पिशवी माझ्या मांडीवर होती, पुस्तक पिशवीत. काढायचं, शेवटची पानं उघडायची आणि वाचून दाखवायची, एवढंच काम होतं. पण पहिल्यांदाच वाचणारी बाई कशी वाचते ते त्यांना कळलं असतं. पाण्याची गळती कुठं आहे ते भिंतीला कान लावून सांगणारा माणूस तो. मग अडीच महिने मी कशाच्या जोरावर नाही म्हणत होते, हेही कळलं असतं. त्या खाटेशी बसून मला माझ्या चिठ्ठीची लाज वाटत होती. आज तरी वाटायला नको होती.

मी मनानं शेवट रचला. सरदार आला, नगारे वाजले, बांध उघडला. नदी टेकडीला वळसा घालून वर चढली आणि तळ्याला मिळाली. मोहेइला सामुराई करून दोन तलवारी आणि नवं आडनाव दिलं.

"वर चढली?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे त्या बाजूनं गेली."

"बरं. आणि ओरिकु?"

कानाए-सान खिडकीशी होती. नर्स बाटली बदलत होती. माझं तोंड भाजल्यासारखं लाल झालं असणार. काहीही सांगता आलं असतं. मी म्हटलं, "ती आपल्या गावी परत गेली."

"न सांगता?"

"न सांगता."

ते छताकडे बघत राहिले. "यानं कधी विचारलंच नाही ना तिला," म्हणाले. "मोहेइ मूर्खच."

मला म्हणायचं होतं, फुकुमा-सान, ओरिकुपण मूर्ख. त्याऐवजी म्हटलं, "आपण रविवारी जाणार होतो, तो दरवाजा बघायला."

"दहावा संपला की."

"संपला की आता."

"हो. संपला." त्यांनी हात किंचित उचलला. मी तो धरायला हवा होता. मी वाकून नमस्कार केला आणि उठले.

२० नोव्हेंबर, बुधवार

रजा काढली. सकाळी सातला दहावा उघडला, साडेचारला संपवला.

सरदार येत नाही. नगारे नाहीत. पाणी वळतं ते एका साध्या सकाळी, वळतानाचं वर्णनही नाही. मजूर आपापल्या घरी जातात. मोहेइ म्हातारा झालेला, बंधाऱ्यावर एकटाच बसून नव्या पात्राकडे बघतो आहे. ओरिकु नेहमीसारखे दोन मुटके घेऊन येते. तो म्हणतो, सगळे गेले, तू नाही गेलीस? ती म्हणते, "मी कुठं जाणार? तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते." मग तो विचारतो. दोघं बसून भात खातात. संपलं.

दोन पानं आहेत. मला त्यांना जे म्हणायचं होतं ते सगळं त्या दोन पानांत छापलेलं होतं, काल माझ्या मांडीवर होतं. मला नुसतं वाचून दाखवायचं होतं. मी वाचलं नाही, का तर मी पुस्तक वाचलेली बाई आहे असं त्यांना वाटत राहावं म्हणून. आणि वर ओरिकुला मी घालवून दिलं. त्यांनी विचारलं, न सांगता? आणि मी हो म्हटलं.

माझा त्यांच्यावर जीव आहे. चार वर्षं आहे. हे एकदा लिहून टाकते.

उद्या दोनला भेटायची वेळ सुरू होते. पानांत खूण घातली आहे. आधी सांगेन की मी खोटं बोलले, दहावा वाचलाच नव्हता. मग मोठ्यानं वाचीन, कोणीही असो खोलीत.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सव्वासहाला गेले. दुकान उघडल्यावर कानाए-सानचा फोन आला, मालकांनी घेतला. मी तेव्हा कपाट पुसत होते.

२३ नोव्हेंबर, शनिवार

अंत्यविधीला पन्नासेक माणसं होती, बरीचशी पाणी खात्यातली. उदबत्ती वाहून झाल्यावर शवपेटीत लोक लहानसहान वस्तू ठेवत होते. मी दहावा नेला होता. विधीच्या माणसानं दोन्ही हातांनी, फार अदबीनं तो परत दिला. जाड पुस्तक आत ठेवता येत नाही, नीट जळत नाही म्हणाला. मी पुस्तक घेऊन भिंतीशी उभी राहिले. मालक शेजारी होते, नाक ओढत होते.

कानाए-सान आली आणि मला बाहेरच्या ओवरीत घेऊन गेली.

"तुम्ही गेलात ना त्या दिवशी, त्यानंतर बाबांनी मला सगळा शेवट सांगितला," ती म्हणाली. "पाणी चढावर गेलं म्हणाले. हसत होते. हसताना दुखत होतं तरी हसत होते."

मी मान खाली घातली.

"म्हणाले, कात्सुबे-साननी दहावा वाचलेला नाही. पण त्यांना बोलू नकोस, त्यांना लागेल." ती थांबली. "आता बोलते आहे, माफ करा. पण आणखी एक म्हणाले, ते सांगायलाच हवं. म्हणाले, ती ओरिकु काही जाणार नाही. इतके खंड त्याला भात घालत राहिली आणि शेवटी न सांगता जाईल होय? कात्सुबे-सानना लाज वाटली म्हणून तसं म्हणाल्या."

ओवरीत आलेल्या लोकांचे बूट ओळीनं मांडले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठं बघवेना.

"खरंच वाचला नव्हता?" तिनं विचारलं.

"तेव्हा नव्हता. दुसऱ्या दिवशी वाचला."

"मग? गेली का ती?"

एकोणतीस वर्षांत मी शेवट कुणाला सांगितलेला नाही.

"नाही गेली," मी म्हटलं. "तिथंच होती. त्यानं विचारावं म्हणून थांबली होती."

"विचारतो?"

"उशिरा. पण विचारतो."

कानाए-साननं हाताच्या पाठीनं डोळे पुसले. त्यांच्यासारखीच ती पटकन काय करायचं ते ठरवते. "मग मला काय सांगताय," म्हणाली. "त्यांना सांगा. झाकण अजून लावलेलं नाही."

आत लोक पेटीत ठेवायची फुलं घेऊन उभे होते. तिनं विधीच्या माणसाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि सगळे थांबले. त्यांच्या कानाशी आवाज पोचेल इतकी मी पेटीजवळ गेले. आधी म्हटलं, फुकुमा-सान, मी खोटं बोलले होते. मग खुणेचं पान उघडून वाचायला लागले. बंधारा, नवं पात्र, सगळे घरी गेलेले. पाणी खात्यातली माणसं ऐकत होती, मालक ऐकत होते. आवाज फुटत होता, पण मी वाचत राहिले. ओरिकुचं वाक्य आलं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि ते त्यांच्याकडे बघून म्हटलं.